कावळा बसला, फांदी मोडली : कृत्रिम पावसाची गोष्ट

(व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेत आजचा विषय 'तंत्रज्ञान आणि आपण' असा मोघम छापला आहे. त्यात संयोजकांचा दोष नाही, मीच विषय वेळेवर कळवला नव्हता. (हशा) मला आज एकाच तंत्रज्ञानाबद्दल बोलायचं आहे, कृत्रिम पावसाबद्दल. आणि त्या निमित्ताने, ज्याला एखाद्या विषयातलं कळतं त्याच्या शब्दावर आपण किती आणि कुठपर्यंत विसंबायचं, याबद्दल.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. आमचं मूळ गाव जालना जिल्ह्यात. तिथे माझे थोरले चुलतभाऊ शेती करतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांची मोसंबीची बाग होती. एका दुष्काळी वर्षी विहीर आटली आणि नाना टँकरने झाडं जगवत होते. त्याच सुमारास बातमी आली की सरकार विमानाने पाऊस पाडणार आहे. नानांनी मला फोन केला. टँकर घेत राहायचं की बाग सोडून द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना ढग कसा तयार होतो, त्यात रसायन टाकल्यावर काय होतं, हे फोनवर चांगलं वीस मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी, थांबावं का मग?" मी म्हणालो, "थांबा."

विमान आलं. दोन-चारदा आवाज ऐकू आला म्हणे. थोडा शिडकावा झाला, तोही शेजारच्या शिवारात. नानांनी आणखी दीड महिना टँकर घेतले. बाग गेलीच, टँकरची उधारी तेवढी राहिली. नाना त्यावरून मला आजवर एका शब्दानेही बोललेले नाहीत. पण तो "थांबा" मला अजून टोचतो. कारण मी त्यांना जे समजावलं त्यात चूक एकही नव्हती. ढगाबद्दल मी जे बोललो ते पुस्तकात तसंच आहे. फक्त नानांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. 'हे कसं घडतं' हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं होतं, 'माझ्या शिवारात यंदा किती पडेल?' ते मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हेही माझ्या लक्षात आलं नाही. आजचं सगळं बोलणं या एका घोटाळ्याबद्दल आहे.

आता ही विद्या आली कुठून ते बघू.

१९४६ साल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे व्हिन्सेंट शेफर नावाचा माणूस काम करत होता. शेफरकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, हत्यारं बनवणारा कारागीर म्हणून तो कंपनीत लागला होता. पण हात आणि डोळे विलक्षण. त्याने एका शीतपेटीला आतून काळं मखमल लावलं, तिच्यात तोंडाने वाफ सोडली, आणि छोटासा ढग तयार केला. तापमान शून्याच्या खाली, तरी ढगातले थेंब गोठेनात. पाण्याची ही एक गंमत आहे. अगदी बारीक थेंब शून्याच्या बरेच खाली गेले तरी पाणीच राहू शकतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. जुलै महिन्यात एक दिवस पेटी पुरेशी थंड होईना, म्हणून शेफरने तिच्यात कोरड्या बर्फाचा, म्हणजे घन कार्बन डाय-ऑक्साइडचा, तुकडा टाकला. क्षणात सगळी पेटी चमचमत्या हिमकणांनी भरून गेली.

१३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफरने विमानातून मॅसॅच्युसेट्समधल्या एका डोंगरावरच्या ढगात कोरडा बर्फ टाकला. ढगातून हिम पडताना दिसलं. त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांना सापडलं की सिल्व्हर आयोडाइडच्या कणांची रचना बर्फाच्या स्फटिकासारखी असते आणि त्यांच्याभोवती बर्फ धरतो. आज विमानाच्या पंखांना ज्या नळकांड्या लावलेल्या दिसतात, त्यांतून अनेकदा हेच सोडतात. आपल्याकडच्या उबदार ढगांसाठी मिठासारखे पाणी शोषणारे कण वापरतात. ते थेंबांना मोठं व्हायला मदत करतात. शास्त्र एवढंच आहे, आणि ते खरं आहे. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. या प्रयोगशाळेतले थोर शास्त्रज्ञ म्हणजे आयर्विंग लँगम्यूर. १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालेलं. वायू भरलेला विजेचा दिवा हे त्यांचं काम. पृष्ठभागांचं रसायनशास्त्र त्यांनी उभं केलं म्हटलं तरी चालेल. म्हणजे माणूस कोणी ऐरागैरा नव्हे. शेफर आणि व्हॉनेगट यांचं काम बघून लँगम्यूर यांना खात्री पटली की माणूस आता हवामान हवं तसं वळवू शकेल.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन लष्कराच्या मदतीने एक प्रयोग झाला. फ्लोरिडावरून अटलांटिकमध्ये गेलेल्या एका चक्रीवादळात सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ पूर्वेकडे, खुल्या समुद्राकडे चाललं होतं. ते वळलं आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळलं. लोक चिडले, कोर्टकचेरीची भाषा झाली. लँगम्यूर यांची मात्र खात्री होती की वादळ आपणच वळवलं. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बर्फ टाकण्याआधीच वादळ वळायला लागलं होतं, आणि १९०६ मध्येही एक वादळ असंच वळलं होतं, तेव्हा तर आकाशात कोणी काही टाकलेलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. लँगम्यूर यांचा कावळा ८० किलोचा होता एवढंच. (हशा)

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. १९४९ च्या अखेरीपासून न्यू मेक्सिकोमध्ये जमिनीवरच्या भट्टीतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडायला सुरुवात झाली, दर आठवड्याला ठरावीक दिवशी. मग लँगम्यूर यांनी देशभरच्या पावसाच्या नोंदी काढल्या आणि जाहीर केलं की दीडेक हजार किलोमीटर दूर, ओहायो नदीच्या खोऱ्यात, पाऊस सात दिवसांच्या तालावर पडतो आहे. म्हणजे धूर इथे आणि पाऊस तिथे. अमेरिकन हवामान खात्यातल्या संख्याशास्त्राच्या जाणकारांनी जुन्या नोंदी चाळल्या. त्यांना आढळलं की असा साप्ताहिक ताल निसर्गात अधूनमधून आपोआपही उमटतो. लँगम्यूर यांनी ते शेवटपर्यंत मानलं नाही.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग. डिसेंबर १९५३ मध्ये याच लँगम्यूर यांनी एक व्याख्यान दिलं. आज आपण जसं करतो आहोत तसं त्या व्याख्यानाचंही पुढे शब्दांकन झालं आणि ते छापलं गेलं. विषय होता 'रोगट विज्ञान'. प्रामाणिक, हुशार शास्त्रज्ञ स्वतःला कसे फसवतात, याची लक्षणं त्यांनी सांगितली. परिणाम इतका सूक्ष्म असतो की तो जेमतेम मोजता येतो. तरीही तो अतिशय अचूक असल्याचा दावा केला जातो. टीका झाली की ऐनवेळी नवीन सबब पुढे येते. फ्रान्समधल्या ब्लाँडलो यांचे कधीच नसलेले 'एन किरण' हे त्यांचं एक उदाहरण होतं. यादी उत्तम आहे, आजही वर्गात शिकवावी अशी. त्या यादीत फक्त एक उदाहरण नव्हतं, त्यांचं स्वतःचं.

लँगम्यूर लबाड नव्हते. म्हणून तर ही गोष्ट सांगतो आहे. लबाड माणूस आज ना उद्या पकडला जातो. प्रामाणिक तज्ज्ञाच्या आत्मविश्वासाला कोण पकडणार? तो तर स्वतःच विश्वास ठेवून बसलेला असतो, आणि त्याचं नोबेल बघून आपणही. रसायनशास्त्रात त्यांचा अधिकार शंभर टक्के होता. प्रयोगशाळेतल्या पेटीत, जिथे एका वेळी एकच गोष्ट बदलता येते, तिथे त्यांना कोणी हात धरला नसता. पण आकाश ही पेटी नाही. तिथे उद्या काय होणार होतं हेच आधी माहीत नसतं, मग तुम्ही त्यात काय बदललं हे कसं सांगणार?

अडचण खरी इथे आहे, म्हणून जरा थांबू. ज्या ढगात रसायन टाकायचं तो ढग कसा निवडतात? उंच, भरलेला, ओलसर, वाढता. म्हणजे कसा? जो बहुधा तसाही बरसणार होता. हे प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणाऱ्या क्लाससारखं झालं. निकाल लागला की चौकात फलक लागतो, आमचे इतके विद्यार्थी गुणवत्ता यादीत! पण ती मुलं त्या क्लासला गेली नसती तर नापास होणार होती का? हे कळायचा मार्ग एकच. सारख्याच हुशार मुलांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, अर्धी क्लासला पाठवायची, अर्धी घरी बसवायची. ढगांचंही तेच. योग्य ढग सापडला की नाणं उडवायचं. छापा आला तर रसायन टाकायचं, काटा आला तर तसाच सोडून द्यायचा आणि दोन्हींचा पाऊस मोजायचा. कशात रसायन टाकलं हे मोजणाऱ्याला माहीत नसेल तर फारच उत्तम. हे एक-दोन ढगांवर होत नाही, शेकडो लागतात. वर्षं लागतात.

हे सगळं केल्यावर काय दिसतं? इस्राएलचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे कृत्रिम पावसाचा विषय निघाला की 'इस्राएलमध्ये बघा' हे वाक्य येतंच. साठ आणि सत्तरच्या दशकांत तिथे नाणं उडवून दोन मोठे प्रयोग झाले. दहा ते पंधरा टक्के वाढ दिसल्याचं सांगितलं गेलं. जगभर वाहवा झाली, आणि १९७५ पासून देशाच्या उत्तर भागात नियमित पेरणी सुरू झाली. १९९५ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी ती जुनी आकडेवारी पुन्हा तपासून गंभीर आक्षेप घेतले. शेवटी इस्राएलने स्वतःच २०१३ ते २०२० या काळात नवा, काटेकोर प्रयोग केला. वाढ निघाली १.८ टक्के, आणि तीही योगायोगापासून वेगळी काढता येईना अशी. त्यांनी पेरणी थांबवली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. चाळीसएक वर्षं ज्याचं नाव झालं ते मोजून बघायचं आणि आकडा पटला नाही की बंद करायचं, याला धैर्य लागतं. 'इस्राएलमध्ये बघा' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये सगळ्या पुराव्यांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा होता की अशा प्रयत्नांचा हेतुपूर्वक परिणाम होतो याचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अजून नाही. आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीच क्लासवाल्यांसारखं निवडून सांगतो आहे असं होईल. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एक प्रयोग झाला. विमान ढगात नागमोडी फिरलं, आणि थोड्या वेळाने रडारवर हिमकणांच्या तशाच नागमोडी रेषा उमटल्या. म्हणजे सिल्व्हर आयोडाइडने हिम तयार होतं हे खऱ्याखुऱ्या आकाशात डोळ्यांना दिसलं. पण ते हिवाळ्यातले, डोंगरावरचे, अतिशीत पाण्याचे ढग होते. त्यावरून जून-ऑगस्टमधल्या मराठवाड्याबद्दल काही सांगता येत नाही.

मग आपल्याकडचं काय? इथे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं की याबाबत महाराष्ट्रात जगातला एक जुना आणि चिकाटीचा प्रयोग झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, आपण आयआयटीएम म्हणतो तिने, १९७३ ते १९८६ या काळात बारामती परिसरात अकरा पावसाळे उबदार ढगांत मीठ पेरलं. शेजारशेजारचे दोन पट्टे घ्यायचे, कधी यात पेरायचं, कधी त्यात, आणि ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. २४ टक्के वाढ दिसल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. पुढे त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला अधिक चांगली साधनं वापरून प्रयोग केला. २७६ ढग अभ्यासले, कशात पेरायचं आणि कशात नाही हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात १८ टक्के सापेक्ष वाढ आढळली. खर्च आला लिटरला सुमारे १८ पैसे. आणि संशोधकांनीच सोबत सांगितलं की हे जागेवर अवलंबून आहे आणि एवढ्याने दुष्काळाचा प्रश्न सुटत नाही, पाण्याच्या व्यवस्थापनाला ही फार तर जोड.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण प्रयोगशाळेतून निघालेलं वाक्य पत्रकार परिषदेपर्यंत पोचताना त्याचं दुसरं अर्ध गळून पडतं. '१८ टक्के वाढ' हे उरतं. 'या जागी, अशा ढगांत, एवढ्या पट्ट्यात' हे जातं.

आता थोडं गणित करू, घाबरू नका, तोंडी करण्याजोगं आहे. १८ पैसे लिटर ऐकायला फुकटच वाटतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे १,८०० रुपये. पिकाला एक बरं भिजवणीचं पाणी ५० मिलिमीटर धरा. झाले हेक्टरी ९० हजार रुपये. आणि हे पाणी फक्त पिकावर पडणार नाही, ते माळावर पडेल, रस्त्यावर पडेल, खडकावर पडेल. संशोधक म्हणतात की स्वतःचं विमान असेल तर खर्च निम्म्याहून कमी होईल. मान्य. हेक्टरी ४५ हजार धरा. तेवढ्या पैशांत शेततळं, बांधबंदिस्ती, ठिबक यांतलं काय काय होतं, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरं गणित. २०१५ मध्ये मराठवाड्यात पावसाची तूट सुमारे ४० टक्के होती. समजा, हंगामातल्या पावसापैकी चौथा भाग पेरणीयोग्य ढगांतून येतो आणि त्यातला प्रत्येक ढग विमानाला सापडला. ही मी मानलेली संख्या आहे आणि फार उदार आहे. तरी चौथ्या भागाचे १८ टक्के म्हणजे एकूण पावसाचे साडेचार टक्के. खड्डा ४० चा आणि माती साडेचारची.

आणि तो ढग तरी असायला हवा ना! या तंत्रज्ञानाची सगळ्यात मोठी विसंगती ही आहे. त्याची मागणी होते दुष्काळात, आणि दुष्काळ म्हणजेच पेरणीयोग्य ढग नसणं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २८ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत प्रदूषण खाली बसवण्यासाठी हा प्रयोग झाला. विमान उडालं, नळकांड्या पेटल्या, पाऊस पडला नाही. ढगांत ओलावा फार कमी होता असं नंतर सांगण्यात आलं. अहो, पण ओलावा किती आहे हे उडण्याआधीच मोजता येतं की!

मग सरकारं हे का करतात? आपल्याकडे २००३ मध्ये झालं, २००९ मध्ये मुंबई महापालिकेने तलावांसाठी केलं, २०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून झालं, २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने ३० कोटींची तरतूद केली. पक्ष बदलले, विमान तेच. कारण मला असं दिसतं, विमान दिसतं. दुष्काळात सरकार काहीतरी करतं आहे हे दाखवणारी त्यासारखी गोष्ट नाही. गावतळ्याचा गाळ काढला तर बातमीत कुठेतरी आत दोन ओळी येतात. आणि अशा मोहिमेत नाणं कोण उडवणार? चांगला ढग दिसला आणि काटा आला म्हणून सोडून दिला, असं कोणता अधिकारी विधानसभेत सांगेल? म्हणून प्रत्येक चांगल्या ढगात पेरतात, तुलनेला काही उरत नाही, आणि अहवालात उड्डाणं किती झाली, नळकांड्या किती जाळल्या आणि त्या दिवशी पाऊस कुठे पडला, एवढं येतं. हे तीनही आकडे खरे असू शकतात. त्यातून पेरणीमुळे किती पडला हे मात्र निघत नाही.

आमच्या लहानपणी पाऊस लांबला की गावात धोंडी काढायचे. कडुलिंबाचा पाला बांधून पोरगं दारोदार फिरायचं, बायका घागरभर पाणी ओतायच्या. काही ठिकाणी बेडकाचं लग्न लावतात. आपण शिकलेली माणसं त्याला हसतो. का हसतो? कारण पाऊस आला तर धोंडीमुळे आला, नाही आला तर काहीतरी चुकलं असेल, अशी त्यात सोय असते. आता मला सांगा, 'पडला तर पेरणीमुळे, नाही पडला तर ढग योग्य नव्हता' यात वेगळं काय आहे? धोंडीत निदान घागरभर पाणीच जात होतं.

म्हणून शेवटी एवढंच सांगतो. तज्ज्ञ समोर आला की तीन गोष्टी विचारा. एक, तुम्ही म्हणता तो परिणाम तुम्ही कशाशी ताडून बघितला? ज्या ठिकाणी हे केलं नाही तिथलं काय झालं? दोन, जिथे तो दिसला ती जागा, तो हंगाम आणि माझी जागा यांत फरक किती? आणि तीन, हे फसलं असं तुम्ही कधी म्हणाल, ते आत्ता, आधी, लिहून द्याल का? चांगल्या तज्ज्ञाला हे प्रश्न आवडतात. इस्राएलच्या लोकांनी आणि सोलापूरच्या प्रयोगवाल्यांनी ते स्वतःच स्वतःला विचारले होते. ज्याला राग येतो, त्याच्या ज्ञानाबद्दल शंका घेऊ नका, पण त्याच्या शब्दावर टँकरची उधारी करू नका.

त्या दिवशी नानांना मी दोन वाक्यं सांगायला हवी होती. 'ढगात हे असं होतं. तुमच्या शिवारात किती पडेल ते मला माहीत नाही.' मग त्यांनी स्वतःच्या अनुभवाने ठरवलं असतं, आणि माझ्या अंदाजे ते माझ्यापेक्षा बरं ठरलं असतं.



निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, दुबईला २०२४ मध्ये पूर आला तो कृत्रिम पावसामुळेच ना? मग तुम्ही म्हणता त्याचा परिणामच होत नाही?

उत्तर : छान प्रश्न. १६ एप्रिल २०२४ च्या त्या पावसाचं निदान आधी काही दिवस झालेलं होतं. मोठी वादळी प्रणाली अरबी द्वीपकल्पावरून येत होती आणि शेजारच्या ओमानलाही तिने झोडपलं. विमानातल्या नळकांड्यांनी असा पाऊस येत नाही. पण गंमत बघा, १९४७ च्या सव्हानातही लोकांनी असंच म्हटलं होतं. आम्ही पाऊस पाडतो असं तुम्ही छातीठोक सांगितलंत की पुराचा दोषही तुमच्याच माथी येतो. आपल्याकडे सांगली, सातारा, धुळे भागात पवनचक्क्यांमुळे ढग पळतात अशा तक्रारी झाल्या होत्या. माणूस पाऊस आणू शकतो असं एकदा मनात बसलं की तो पळवूही शकतो हे ओघाने आलंच.

प्रश्न : मग तुमचं म्हणणं हे संशोधन बंद करावं असं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. संशोधन करा, नाणं उडवून करा, दहा वर्षं करा, आणि आकडे सगळ्यांना बघायला द्या. ३० कोटी संशोधनाला दिले तर मी टाळ्या वाजवीन. मी बोलतो आहे ते मोहिमेबद्दल, जिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं.

प्रश्न : तुम्ही स्वतः हवामानशास्त्रज्ञ नाही. मग आम्ही तुमच्यावर का विश्वास ठेवावा?

उत्तर : (हशा) ठेवू नका. हाच तर विषय होता! मी ढगांबद्दल नवीन काही सांगितलेलं नाही, दुसऱ्यांनी मोजलेलं सांगितलं आहे. ते ताडून बघा. गणित तर तुमच्यासमोरच केलं, कुठे चुकलं असेल तर चहाला थांबलो आहे, तिथे सांगा.